सरांची वाक्यं सरांनाच

१२ सप्टेंबर

प्रिय पाठांतरवाली,

पोचल्याचा तुझा फोन आला, पण खरं सांगू? त्याला मी पोचणं म्हणत नाही. तुझी आई फोनचा स्पीकर लावते, तुझे बाबा मधेच "थंडी आहे का गं?" म्हणून ओरडतात, आणि म्हाताऱ्याची पाळी येईपर्यंत तुझी बस येते. परवा तुझं पत्र हातात पडलं तेव्हा कुठे माझी नात परदेशी सुखरूप पोचली.

वर्गातलं समजतं, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते, असं तू लिहितेस. अगं, साहजिक आहे. परकी भाषा म्हणजे उसना कोट. तो अंगाला सरावेपर्यंत माणूस खांदे आवळूनच चालतो. त्यावर माझा उपाय तुला ठाऊक आहे. तुझ्या मुख्य सरांचं पुस्तक घे आणि पाठ कर. लहानपणी ओसरीवर बसून पाढे, कविता, धड्यामागचे प्रश्न, सगळं तू माझ्यासमोर धडाधडा म्हणायचीस. शेजारचे म्हणायचे, "मास्तर, पोरगी आहे की पोपट?" मी म्हणायचो, "पोपटाला पेरू लागतो, हिला कौतुक पुरतं."

लक्षात ठेव, जे ओठावर ते आपलं. तुझ्या सरांनी एकेक शब्द तोलून लिहिला असणार, आपण त्यात लुडबूड करणारे कोण? काना-मात्रासुद्धा इकडचा तिकडे करायचा नाही. गुरूचे शब्द जसेच्या तसे गुरूपुढे ठेवावेत, याहून मोठा नमस्कार नाही.

राजधानीतली तुझी खोली कशी आहे, खिडकीतून काय दिसतं, ते लिही. तुझा पत्ता मला पाठ आहे. पण नुसत्या पत्त्यावरून नात डोळ्यांसमोर येत नाही.

तुझे आबा


४ ऑक्टोबर

आबा, नमस्कार.

खोली पाचव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण तिच्यावर 'तात्पुरती बंद' अशी पाटी आहे आणि पाटीला गंज चढलाय, त्यावरून काय ते समजा. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. मान बाहेर काढून डावीकडे वळवली तर आभाळाचा एक तुकडाही मिळतो.

खोलीत आम्ही दोघी. दुसरी तिसऱ्याच देशाची. इतकी उंच की आडवी झाली की पाय पलंगाबाहेर जातात, त्यांना ती खुर्ची लावते. मी तिला जिराफ म्हणते, ती मला मुंगी म्हणते. दोघी एकमेकींशी इथल्या भाषेत मोडकंतोडकं बोलतो, त्यामुळे भांडण लांबत नाही. शब्दच संपतात.

वर्ग सुटला की मी एका लाँड्रीत कामाला जाते. हॉटेलांच्या चादरी येतात, ढिगाने. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, ताणायची आणि तापलेल्या रुळांच्या तोंडात द्यायची. एकीचा हात जरा पुढे गेला की चादर तिरकी जाते आणि मुकादमबाई ओरडते, "चादर आहे ती, पतंग नाही!" तिचं हे वाक्य मला इथल्या भाषेत सगळ्यात आधी पाठ झालं.

अभ्यासाचं सांगायचं तर, शहरात माणसं कशी चालतात, कुठे थांबतात आणि त्याप्रमाणे रस्ते कसे आखावेत, हा आमचा विषय. मुख्य सरांचं जाडजूड पुस्तक आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पायी निघालेला माणूस जवळची वाट धरतो. तेवढं ओळखून शहर आखलं की बाकी सगळं आपोआप जमतं.

तुमचा उपाय सुरू केला आहे. तिसरं प्रकरण पाठ झालं. रुळांच्या घरघराटात मोठ्यानं म्हटलं तरी कुणाला ऐकू जात नाही. आणि आबा, खरंच, सरांची वाक्यं तोंडात असली की मी अडखळत नाही. माझी स्वतःची आली की अडखळते. महिनाअखेरीस मोठा निबंध द्यायचा आहे. या सत्राचं सगळं त्यावरच.

तुमची पाठांतरवाली


२० ऑक्टोबर

प्रिय मुंगी,

तुझं पत्र वाचनालयात घेऊन गेलो. आमची बैठक तुला माहीतच आहे, निवृत्त पोस्टमास्तर, निवृत्त कंपाउंडर आणि मी. तिघांचे मिळून दोन चष्मे चालू स्थितीत. पत्र पोस्टमास्तरांनी वाचलं. जिराफाच्या पायांपाशी कंपाउंडर इतके हसले की ग्रंथपालबाईंनी टेबलावर पट्टी आपटली.

तू रुळांच्या आवाजात प्रकरण म्हणतेस हे वाचलं आणि मला माझा वर्ग दिसला. वर पत्रे, पत्र्यांवर पाऊस, आणि खाली साठ पोरं एका सुरात कविता म्हणतायत. पाऊस वाढला की पोरं आवाज चढवायची. एकदा शिक्षणखात्याचे तपासनीस आले होते. दारातच उभे राहिले, कविता संपेपर्यंत आत आले नाहीत. नंतर म्हणाले, "मास्तर, मी तपासायला आलो होतो, पण मला माझी शाळा आठवली." जाताना शेऱ्याच्या वहीत काहीच न लिहिता गेले. तो दिवस मला अजून पुरतो.

तेव्हा निबंधाची काळजी करू नकोस. सरांचं प्रकरण मनापासून पाठ झालंय ना? मग ते तसंच्या तसं कागदावर उतरव. आपला लेख वाचताना सरांना आपलाच आवाज ऐकू आला पाहिजे.

तुझे आबा


१५ नोव्हेंबर

आबा, नमस्कार.

घाईत लिहिते आहे. निबंध दिला. तुम्ही सांगितलं तसाच लिहिला. त्यावरून विद्यापीठाच्या एका समितीनं मला भेटायला बोलावलं आहे. तीन प्राध्यापक असतात आणि आमचे सरही येणार आहेत. तारीख जानेवारीतली आहे.

तुम्ही काळजी करू नका. आईला एवढ्यात सांगू नका. थंडी बरीच आहे, पण लाँड्री गरम असते.

तुमची


२८ नोव्हेंबर

माझ्या गुणी पोरी,

समिती! तीन तीन प्राध्यापक! आणि तू ते असं लिहितेस, जणू दूधवाल्यानं बोलावलंय!

आईला सांगू नका म्हणालीस, म्हणून तिला नाही सांगितलं. पण वाचनालय म्हणजे काही तुझी आई नव्हे. तिथे मी उभा राहिलो आणि जाहीर केलं, की आमच्या नातीचा निबंध इतका सरस ठरला की तिकडच्या विद्वानांनी तिला खास पाचारण केलं आहे. पोस्टमास्तरांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. कंपाउंडर म्हणाले, "पदक देणार असतील, नाहीतर शिष्यवृत्ती." ग्रंथपालबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. आता गल्लीत मला जो तो विचारतो, "मास्तर, कधी आहे समारंभ?"

तू आधीपासून लाजाळू. पण बोलावतील तेव्हा ताठ उभी राहा, आणि दोन शब्द बोलायला सांगितले तर आधी सरांचे आभार मान. भाषणाचा मसुदा पुढच्या पत्रात पाठवतो. छोटासाच करतो, म्हणजे पाठ व्हायला सोपा.

तुझे आबा


१० डिसेंबर

आबा,

मसुदा पाठवू नका. समारंभ नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही पुरतं लिहिलं नव्हतं. आता लिहिते. माझ्यावर उचलेगिरीचा आरोप आहे. निबंधाची पानंच्या पानं सरांच्या पुस्तकातली आहेत, शब्दाला शब्द, आणि ती सरांची आहेत असं मी कुठेही म्हटलेलं नाही, म्हणून. ती सरांची आहेत हे सरांना सांगायचं कशाला, असं मला वाटलं. त्यांना ती ओळखू येणारच की! ओळखू यावीत म्हणून तर लिहिली.

समितीचा निर्णय विरुद्ध गेला तर माझी जागा जाईल. जागा गेली की या देशात राहण्याचा परवानाही संपतो. मग सामान बांधायचं आणि यायचं.

जिराफाला सांगितलं तेव्हा तिनं आधी खुर्चीवरचे पाय खाली घेतले. मग म्हणाली, "त्याची वाक्यं त्यालाच परत कशाला दिलीस? त्याच्याकडे आहेतच की ती."

मी म्हटलं, "आमच्याकडे याला आदर म्हणतात."

"आणि तुला स्वतःला काय म्हणायचं होतं?"

मी म्हटलं, "ते कुणी विचारलं नव्हतं."

तर ती म्हणाली, "मुंगे, निबंध म्हणजे तेच विचारणं असतं इथे."

आबा, तुम्ही गल्लीत सांगून बसलात हे वाचून मला जिन्यातच बसावंसं वाटलं. बसलेही. वरच्या मजल्यावरचे आजोबा खाली उतरत होते, त्यांना वाटलं मी दमले. म्हणाले, "लिफ्ट होईल हो दुरुस्त."

तुमची


२३ डिसेंबर

पोरी,

तुझं पत्र काल आलं. आज लिहितो आहे.

उचलेगिरी? माझ्या नातीवर? रात्र रात्र जागून, जीभ झिजवून जे डोक्यात भरलं, त्याला चोरी म्हणतात? चोर वस्तू नेतो तेव्हा मूळ मालकाकडे ती राहत नाही. तू सरांचं काय नेलंस? त्यांचं पुस्तक त्यांच्या कपाटात आहे तसंच आहे! उलट आता ते दोन ठिकाणी आहे. जगबुडी आली आणि सगळी पुस्तकं भिजली, तर तिसरं प्रकरण माझ्या नातीच्या तोंडून उतरवून घ्यावं लागेल, हे त्या विद्वानांना कुणी सांगितलं का?

सोबत समितीच्या नावे माझं पत्र जोडलं आहे. शुद्ध भाषेत आणि कडक शब्दांत. आपल्या भाषेतच आहे, त्याचं भाषांतर तू कर आणि त्यांच्यापुढे ठेव. खाली 'निवृत्त मुख्याध्यापक' असं लिहिलंय, ते गाळू नकोस.

वाचनालयात गेलो. म्हटलं, समारंभ नाही, चौकशी आहे. पोस्टमास्तर वर्तमानपत्राआड गेले. कंपाउंडर म्हणाले, "मास्तर, तुम्ही बसा आधी." आज चहा मी पाजला.

तुझ्या आईबाबांना मात्र आता खरं सांगायला हवं. तू सांगतेस की मी सांगू?

आबा


१४ जानेवारी

आबा, नमस्कार.

आईबाबांना मी फोनवर सांगितलं. आई रडली आणि बाबांनी तिकिटाचे दर विचारले. दोघांचं आपापल्या परीनं बरोबरच आहे.

समिती परवा झाली. तुमचं पत्र मी दिलं नाही. रागावू नका. भाषांतर करायला बसले, पण जगबुडीपाशी अडकले.

लांबट खोली, लांबट टेबल. मध्ये अध्यक्षबाई, त्यांचा चष्मा गळ्यात दोरीला. बाजूला दोघे जण. आमचे सर कोपऱ्यात, अवघडून बसलेले, जणू चौकशी त्यांचीच आहे.

एकानं विचारलं, "पुस्तक समोर ठेवून उतरवलंस?"

मी म्हटलं, "नाही. पाठ होतं."

"पाठ? एवढं?"

"सगळं प्रकरण."

ते एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "म्हणून दाखव."

मी उभी राहिले आणि सुरुवात केली. आबा, एकदाही अडखळले नाही. पान संपलं, दुसरं सुरू झालं, ते संपलं, तरी कुणी थांबवेना. शेवटी सरांनीच हात वर केला. चेहरा लाल. म्हणाले, "पुरे, पुरे. माझी वाक्यं इतकी लांब आहेत याची मला कल्पना नव्हती." सगळे हसले. मीही हसले आणि मला वाटलं, सुटले.

मग अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. म्हणाल्या, "तू कागदावरून चोरलं नाहीस हे आम्हाला पटलं. आता सांग, यातलं तुला काय पटत नाही?"

मी गप्प. त्या थांबल्या. त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मी सगळं पाणी पिऊन पेला परत सरकवला. आबा, मला तिसरं प्रकरण उलटं विचारलं असतं तरी आलं असतं. हे नाही आलं.

निर्णय असा. मार्चअखेर नवा निबंध द्यायचा. सरांच्या म्हणण्याशी माझं कुठे जुळत नाही आणि का, हे त्यात माझ्या शब्दांत आणि माझ्या पुराव्यानं मांडायचं. तो जमला तर जागा राहील. नाही जमला तर नाही.

रोज बसते. एक ओळ लिहिते आणि खोडते. 'सर चुकले आहेत' असं लिहायला हातच चालत नाही. मोठ्या माणसाला पाय लागल्यासारखं वाटतं.

तुमची


२९ जानेवारी

पोरी,

माझं पत्र दिलं नाहीस. ठीक आहे. जगबुडीचा भाग मलाही नंतर जरा जास्तच वाटला.

पाठांतर वाईट, असं माझ्या तोंडून कुणी वदवून घेणार नाही. पण तुझं दुखणं आता दुसरंच आहे आणि त्यावर औषध तेच चालणार नाही. हे कंपाउंडरांचं मत, आणि माझंही. पोराला पोहायला शिकवताना कुणी आधी समुद्रात ढकलत नाही, घरच्या विहिरीत उतरवतात. सरांशी भांडायला तुझा हात चालत नाही ना? मग आधी माझ्याशी भांड. लेखी.

गृहपाठ देतो. ही कविता मी माझी सगळी नोकरी शिकवली. तू पहिलीत जायच्या आधीच तुला पाठ होती.

"कुठे निघालिस? थांब जराशी," पोर नदीला पुसते,
ऐकुन सगळे नदी निघाली, मागे वळुन न बघते.
ओली माती मुठीत धरुनी पोर तिथे ते बसते,
नवे नवे हे पाणी येते, जुने कुठे? ते पुसते.

माझा अर्थ तुला माहीत आहे. नदी म्हणजे कर्तव्य. कर्तव्याला गप्पा मारायला सवड नसते, ते वाटेत थांबत नाही. पोर म्हणजे आळस, तो बसून राहतो. शेवटच्या दोन ओळी कवीनं भरतीला घातल्या आहेत, परीक्षेत येत नाहीत.

आता यात तुला काय पटत नाही ते लिही. 'आबा, तुमचं बरोबरच आहे' असं पत्र आलं तर मी ते न उघडता परत पाठवीन. पोस्टमास्तर आपलेच आहेत.

आबा


१५ फेब्रुवारी

आबा, नमस्कार.

तीन पत्रं फाडली. हे चौथं आहे आणि हे पेटीत टाकणार आहे.

मला तुमचा अर्थ पटत नाही. लहानपणीही पटला नव्हता. ती नदी मला उद्धट वाटायची. कुणी एवढं लाडानं विचारतंय, तर 'समुद्राकडे चाललेय' एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण तुमचा अर्थ पाठ होता, तो म्हटला की शाबासकी मिळायची, म्हणून मी माझा अर्थ कधी तोंडाबाहेर काढला नाही.

नुसतं वाटणं पुरत नाही, पुरावा द्यावा लागतो, हे आता मला समजलं आहे. तर पुरावा असा. कवीला नदीचं, म्हणजे कर्तव्याचं कौतुक असतं, तर तो नदीबरोबर पुढे गेला असता. शेत, गाव, समुद्र दाखवला असता. तो गेला नाही. दुसऱ्या ओळीत त्यानं नदीला सोडून दिलं आणि स्वतः काठावर राहिला, पोरापाशी. म्हणजे कविता पोराची आहे. आणि ज्या ओळी भरतीच्या म्हणून तुम्ही सोडून देता, त्यांच्यासाठीच बाकीच्या दोन लिहिल्या असाव्यात. आबा, ते पोर आळशी नाही. गेलेलं पाणी कुठे गेलं, एवढंच ते विचारतंय, आणि रोज नवं पाणी आलं म्हणून त्याचं समाधान होत नाही.

लिहिलं. आणि खोडलं नाही.

आणि एक गंमत. हे पत्र मनात जुळवत मी काल लाँड्रीतून घरी येत होते. लाँड्रीतून खोलीकडे दोन वाटा आहेत. जवळची वाट गोदामाच्या लांबच लांब भिंतीकडेनं जाते, तिथे ना दार ना खिडकी. लांबची जाते दुकानांवरून. चपला शिवणारा बसतो, केस कापायचं दुकान आहे, फुलांचं आहे, एका खिडकीत कायम एक मांजर. मी पहिल्या दिवसापासून लांबच्या वाटेनंच येते. म्हणजे आबा, 'माणूस जवळची वाट धरतो' हे सरांचं वाक्य घोकत घोकत मी रोज लांबच्या वाटेनं घरी येत होते! आणि माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं!

आजपासून संध्याकाळी कोपऱ्यावर उभी राहून बघणार आहे, कोण कुठल्या वाटेनं जातं ते. जिराफ पण येणार आहे. ती म्हणते, तिला लांबूनच दिसतं.

तुमची


१ मार्च

पोरी,

तुझं पत्र मी आधी एकट्यानं वाचलं. मग चार दिवस वाचनालयात नेलं नाही. पाचव्या दिवशी नेलं.

पोस्टमास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. कंपाउंडर म्हणाले, "पोरीचं बरोबर वाटतंय." मी म्हटलं, "तुम्ही औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांपलीकडे काही वाचलंय का?" तर म्हणाले, "ही कविता वाचलीय. तुम्हीच शिकवलीत माझ्या थोरल्याला, रोज घरी घोकायचा. तेव्हाही मला त्या पोराचंच वाईट वाटायचं." मी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "मास्तर, पोर आळशी नाही हो. पोर एकटं आहे."

म्हणजे माझ्याच बैठकीत मी अल्पमतात आलो.

मला तुझा अर्थ पटलेला नाही, हे स्पष्ट लिहितो. कवितेत कर्तव्य आहेच. पण तुझा पुरावा खोडायला बसलो आणि अजून तो मला खोडता आलेला नाही. कवी काठावर राहिला खरा. तो का राहिला, हे मी वर्गात कधी विचारलं नाही आणि साठ पोरांतल्या एकानंही मला विचारलं नाही. काल अंगणात फेऱ्या मारताना तेच डोक्यात होतं. तुझी आई म्हणाली, "आबा, आत या, ऊन लागेल."

निबंध असाच लिही. वाचून सरांनी मान डोलावली तर समज, फसला. सरांनी अंगणात फेऱ्या मारल्या पाहिजेत.

गृहपाठाला गुण देत नाही. परीक्षक पक्षपाती आहे.

आबा


१९ एप्रिल

आबा, नमस्कार.

जागा राहिली!

फोनवर आईनं सांगितलं असेलच, पण नीट लिहिते. निबंध काठावर पास झाला. कोपऱ्यावर मोजलेल्या बायकांतल्या बहुतेक जणी भिंतीची जवळची वाट सोडून दुकानांवरून गेल्या, हे त्यात मांडलं होतं. भाषेच्या चुका भरपूर निघाल्या, कारण या वेळी सगळी वाक्यं माझी होती. अध्यक्षबाईंनी खाली एवढंच लिहिलं, "आता ऐकू आलं."

सरांनी मात्र समासात इतकं लिहिलंय की माझा मजकूर कमी आणि त्यांचा जास्त. 'हे चूक.' 'हे एकाच कोपऱ्यावरून कसं ठरवलं?' 'पावसात काय करतात?' 'पुरुषही लांबून जातात का?' आणि एका ठिकाणी नुसतं, 'हं.' मग त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुझं म्हणणं मला मान्य नाही. पण मी परवा त्या भिंतीकडेनं चालून पाहिलं आणि येताना दुकानांवरून आलो. का आलो ते सांगता येत नाही, याचा मला राग आलाय." मग म्हणाले, "सुट्टीत शहरभर असे कोपरे बघायचे आहेत. येतेस?"

मी हो म्हटलं.

म्हणून आबा, सुट्टीत मी घरी येणार नाही. तुम्ही वाट बघताय हे मला माहीत आहे. आईनं सांगितलं, तुम्ही कॅलेंडरवर खूण केली आहे. तरी येणार नाही, आणि उगाच इकडचं तिकडचं न सांगता कारणं लिहिते.

पहिलं, हे काम सुट्टीतच होणार आहे आणि ते माझ्या म्हणण्यावरून निघालं आहे. दुसरं, एवढ्याशा सुट्टीसाठी प्रवास फार लांबचा आहे. तिसरं, आत्ता आले तर मला पुन्हा इकडे निघवणार नाही. पुढच्या वर्षी निघवेल. या वर्षी नाही.

तुम्हाला काय पटत नाही ते लिहा.

तुमची नात


४ मे

प्रिय नाती,

काठावर पास! मी मुख्याध्यापक असताना काठावर पास झालेल्या पोराच्या बापाला बोलावून घ्यायचो. परवा मी वाचनालयात उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात सांगितलं, आमची नात काठावर पास झाली. ग्रंथपालबाई पट्टी आपटायचं विसरल्या. पोस्टमास्तर म्हणाले, "काठावर आहे ना? मग कवीही तिथेच आहे." आता ते सगळीकडे तुझाच अर्थ सांगत फिरतात. मी त्यांना खोडत फिरतो.

सरांना माझा नमस्कार सांग. 'हं' असं लिहिणारा मास्तर चांगला असतो. मी ते कधी लिहिलं नाही, आमच्याकडे समास लहान असायचा.

आता तुझी कारणं. चार वेळा वाचली.

पहिलं पटलं. स्वतः उकरून काढलेलं काम दुसऱ्यावर टाकून यायचं नसतं.

दुसरं पटलं नाही. प्रवास लांबचा आहे, तर तो जातानाही तेवढाच लांबचा होता. तेव्हा बरी गेलीस. हे कारण लंगडं आहे, मी काट मारली आहे.

तिसरं पटलं, पण आवडलं नाही. पटणं आणि आवडणं असे दोन वेगळे रकाने असतात हे मला या वयात कळतंय. तुझ्या आईला तिसरं कारण मी वाचून दाखवलं नाही. तिला पहिल्या दोनांवर निभावून नेलं. दुसरं तिला लगेच पटलं. म्हणजे बघ, माणसागणिक पुरावा बदलतो.

गुरूची विद्या गुरूला फळली, असं कंपाउंडर म्हणतात आणि मिशीत हसतात. हसू देत. भांडायला मीच शिकवलं. भांडण माझ्या दारात आलं म्हणून दार लावून घेऊ की काय?

तू येणार म्हणून मागच्या आठवड्यात तुझी गादी गच्चीवर उन्हात टाकली होती. दोन दिवस चांगली भाजली, कापूस मस्त फुगलाय. काल ती झटकून, गुंडाळून माळ्यावर ठेवली. तुझे बाबा म्हणाले, "आबा, एवढ्या आत कशाला सरकवता?" म्हणून पुन्हा पुढे ओढली, अगदी कडेला. हात वर केला की लागते.

तुझे आबा